मालकाविना मुक्काम : गाडगेबाबांच्या धर्मशाळा आणि भाड्याच्या घराचा प्रश्न

जून महिना उजाडला की अमरावती आणि अकोल्यात एक वार्षिक धावपळ सुरू होते. धारणी-चिखलदऱ्याकडून, दर्यापूर-अंजनगावाकडून, बाळापूर-पातुराकडून शिकायला आलेली मुले आणि त्यांचे पालक खोलीच्या शोधात गल्लीबोळ पालथे घालू लागतात. दोन-तीन महिन्यांची अनामत, विजेचा वेगळा आकार, रात्री दार बंद होण्याची वेळ, पाहुणा आणायचा नाही ही अट आणि उघडपणे न विचारता आडनावावरून ताडला जाणारा जातीचा प्रश्न, या सगळ्या पायऱ्या ओलांडल्यावर कुठे किल्ली हाती पडते. घरमालक सज्जन असतो तसा तो अडवणूक करणाराही असतो. परंतु तो कसाही असला तरी नियम त्याचेच आणि घर रिकामे करण्याची मुदतही त्यानेच ठरवायची, हे मात्र सर्वत्र सारखेच. त्यामुळे खासगी घरमालक मध्ये नसेल तर माणसांना निवारा मिळण्याची व्यवस्था चालू शकेल काय, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या वर्गात चघळण्याचा राहत नाही.

या प्रश्नाशी ज्याने आयुष्यभर आपल्या पद्धतीने झुंज दिली, तो माणूस वऱ्हाडचाच होता. अमरावतीच्या ज्या गाडगेनगर भागात त्याची समाधी आहे, तो भाग त्याच्याच नावाने ओळखला जातो. हाती खराटा, डोक्यावर मातीचे गाडगे आणि अंगावर चिंध्यांची गोधडी अशा वेषातले संत गाडगेबाबा आपल्या मनात ठसले आहेत ते स्वच्छतेचे आणि कीर्तनाचे संत म्हणून. परंतु त्यांच्या कामाची एक बाजू अशी आहे की तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. हा माणूस महाराष्ट्रातला एक फार मोठा निवारे बांधणारा होता आणि त्याने बांधलेल्या निवाऱ्यांपैकी एकाचाही तो मालक नव्हता.

गेलेल्या जमिनीची आठवण

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी आजच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगाव येथे झाला. घर परिटाचे. वडील झिंगराजी व्यसनापायी लवकर गेले आणि आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या गावी आपल्या माहेरी आली. दापुरे अकोला जिल्ह्यातले. डेबूजीचे बालपण आणि तारुण्य असे अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत वाटले गेले. मामा चंद्रभान यांच्या घरी गुरे राखणे, नांगर धरणे, रात्री भजनात बसणे हा त्याचा दिनक्रम होता. शाळेचे तोंड त्याला पाहता आले नाही.

तो काळ वऱ्हाडात कापसाचा होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आगगाडीने तो थेट मुंबईच्या गोदीपर्यंत पोहोचू लागला. जमिनीला किंमत आली तशी ती गहाण टाकता येऊ लागली. चांगल्या वर्षी सढळ हाताने उसनवारी आणि वाईट वर्षी फेड थकली की जमीन सावकाराच्या नावे, हे चक्र गावोगाव फिरू लागले. चंद्रभान मामाही त्याच चक्रात सापडले. कर्जाची कागदपत्रे वाचता न येणाऱ्या कुटुंबाला आपण नेमके किती देणे लागतो हे कधी कळलेच नाही, आणि जमीन हातची गेली. चरित्रकार सांगतात की या धक्क्याने मामा खचले आणि गेले. पुढे सावकाराची माणसे ताबा घ्यायला शेतावर आली, तेव्हा तरुण डेबूजी त्यांना एकटा आडवा गेला.

ही घटना त्यांच्या चरित्रात नेहमी धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यात पुढच्या सगळ्या कामाचे बीज आहे. जो कसतो त्याची जमीन नसते, ज्याच्या वहीत नाव असते त्याची असते, हे त्याने विशीच्या आतबाहेर स्वतःच्या घरात पाहिले होते. मालकीचा कागद माणसाला किती सहज घराबाहेर काढू शकतो हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्याचे लग्न झाले. संसार मांडला, मुले झाली. मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाऐवजी गोडाचे जेवण घालून त्याने भाऊबंदांची नाराजी ओढवून घेतली, कारण बापाला दारूने नेल्याचे आणि सण-समारंभासाठी काढलेल्या कर्जाने घरे बुडाल्याचे त्याला विसरता येत नव्हते. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ वऱ्हाडाने याच काळात सोसला. आणि मग १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजी घराबाहेर पडला. मागे वृद्ध आई, पत्नी आणि मुले होती. त्यांच्या वाट्याला आलेले कष्ट कोणत्याही आरतीने पुसले जाणारे नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

ऋणमोचनचा घाट

घर सोडलेला हा माणूस अनेक वर्षे गावोगाव हिंडला. मिळेल तिथे झोपायचे, सकाळी उठून गावचा रस्ता झाडायचा, मागून आणलेली भाकरी गाडग्यातून खायची, मानपान झाला की तिथून निघून जायचे, असा त्याचा क्रम होता. रात्र कुठे काढायची हा प्रश्न त्याला रोज पडत असे. देवळाची ओसरी, झाडाखालची जागा, एखाद्या गोठ्याचा कोपरा हे त्याचे मुक्काम. अनोळखी, फाटक्या वेषातल्या माणसाला दारातून हुसकावून लावणारे हात त्याने जवळून पाहिले. नंतरच्या काळात धर्मशाळांच्या बारीकसारीक सोयींकडे त्यांचे जे लक्ष असे, त्याचे मूळ या अनुभवात असावे.

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. ऋणमोचन म्हणजे ऋणातून मुक्ती. सावकारी कर्जाने ज्याचे आजोळ मोडले, त्या माणसाने आपल्या सार्वजनिक कामाची सुरुवात नेमकी याच गावी करावी, हा योगायोग मोठा बोलका आहे. यात्रेला आलेल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना चिखलातून घसरत नदीत उतरावे लागे. बाबांनी तिथे स्वतः माती वाहून लोकांना कामाला लावले आणि १९०८ मध्ये पूर्णेवर घाट उभा राहिला.

या घाटाची तऱ्हा लक्षात घेण्यासारखी आहे. राजाने बांधला नाही, सरकारने बांधला नाही, एका धनिकाने पुण्यासाठी बांधला असेही नाही. कोणी दगड दिला, कोणी चुना, कोणी बैलगाडी, आणि ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याने घमेले उचलले. तयार झालेला घाट कोणा एकाचा नव्हता, म्हणूनच त्यावर पाय ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पुढे हीच रीत बाबांनी छपराखालच्या जागेला लावली.

पंढरपूरचा प्रश्न

पंढरपूरच्या वारीला लाखो माणसे येतात. एवढ्यांनी रात्र कुठे काढायची? संपन्न वारकरी बडव्यांच्या आणि इतर गावकऱ्यांच्या वाड्यांत उतरत, काहींचे मठ ठरलेले असत. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याला वाळवंट होते. आणि ज्याला अस्पृश्य मानले जाई, त्याच्यापाशी पैसे असले तरी त्याला वाळवंटच होते, कारण कोणताही वाडेकरी त्याला उंबरा ओलांडू देत नसे. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्याच जातीच्या माणसाला पंढरीत पाठ टेकायला जागा नव्हती.

बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधायला घेतली ती १९१७ ते १९२० च्या सुमारास. त्यानंतर तिथेच मराठा धर्मशाळा उभी राहिली. जातींची ही नावे आज खटकतात. पण ज्या काळात एका छपराखाली सगळ्यांना झोपवणे समाजाने चालू दिले नसते, त्या काळात सर्वांत आधी ज्याला कोणीच जागा देत नव्हते त्याच्यासाठी भिंती उभारणे, हा त्यांनी लावलेला क्रम होता. विठ्ठलाच्या मंदिराचे दार दलितांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली. गाडगेबाबांनी निवाऱ्याचे दार त्याच्या जवळजवळ तीन दशके आधी उघडले होते.

येथे भाड्याच्या घराच्या प्रश्नातला एक महत्त्वाचा धागा हाती लागतो. घरमालकाविरुद्धची आपली तक्रार बहुधा भाड्याच्या रकमेबद्दल असते. पंढरपुरात प्रश्न केवळ रकमेचा नव्हता. खासगी मालकाला आपल्या दारात कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार होता आणि तो त्याने एका संपूर्ण समाजाविरुद्ध वापरला. बाजारात मागणी होती, पैसे मोजायची काहींची तयारीही होती, तरीही पुरवठा झाला नाही. जिथे बाजार आणि रूढी यांचे संगनमत होते, तिथे मालकीचाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो.

धर्मशाळेचे अर्थकारण

पंढरपूरनंतर नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी बाबांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. खुद्द वऱ्हाडात मूर्तिजापूरला १९२५ च्या सुमारास गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा सुरू झाली. निरक्षर, भिक्षा मागून खाणाऱ्या माणसाने हे कसे उभे केले, याचे उत्तर त्यांच्या कीर्तनात होते. कीर्तनाला हजारो माणसे जमत. बाबा प्रश्न विचारत, श्रोते उत्तर देत, आणि देवळातल्या दगडावर खर्च करण्यापेक्षा माणसाच्या डोक्यावर छप्पर घालणे कसे बरे, हे श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. शेठ-सावकारांपासून मोलमजुरी करणाऱ्यांपर्यंत सगळे आपापल्या ऐपतीने देणगी देत. आलेला पैसा मात्र बाबा स्वतःपाशी ठेवत नसत. हिशेब गावच्या विश्वासू माणसांकडे असे.

या व्यवस्थेकडे आजच्या गृहबांधणीच्या नजरेने पाहिले, तर तिच्यातल्या चार गोष्टी ठळक दिसतात. पहिली, भांडवल दानातून आलेले असल्याने त्यावर परतावा मागणारा कोणी नव्हता. खासगी घरमालकाच्या भाड्यात जमिनीची किंमत, बांधकामाचे व्याज आणि नफा धरलेला असतो. धर्मशाळेला फक्त रोजचा खर्च भागवायचा होता. दुसरी, इमारत विश्वस्त संस्थेची असल्याने ती विकता येत नव्हती आणि वारसाहक्काने वाटलीही जात नव्हती. तिसरी, दुरुस्ती आणि स्वच्छता हे कोणा नोकराचे काम न मानता उतरणाऱ्याचे कर्तव्य मानले गेले. बाबांचा खराटा इथे केवळ प्रतीक नव्हता, तो देखभालीचा खर्च कमी करणारा साधा उपाय होता. चौथी गोष्ट सर्वांत अवघड. ज्याने हे उभारले त्याने स्वतःला आणि आपल्या रक्ताच्या माणसांना त्यातून बाहेर ठेवले.

या चौथ्या गोष्टीची किंमत बाबांच्या घरच्यांनी मोजली. ज्याच्या शब्दावर लाखोंच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्याची आई आणि पत्नी साध्या झोपडीत दिवस काढत होत्या. धर्मशाळांच्या कागदपत्रांत बाबांच्या नातेवाइकांना कोणताही हक्क नाही याची काळजी त्यांनी स्वतः घेतली. एकुलता मुलगा गोविंदा १९२३ मध्ये वारला, तेव्हा बाबा घरापासून दूर कीर्तनात उभे होते. निरोप आला, ते क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे चालू झाले, अशी हकिकत सर्वच चरित्रांत आहे. ती वाचून कोणाला वैराग्य दिसते, कोणाला कठोरपणा. घराघरांत जागेवरून भाऊ भावाच्या कोर्टात उभा राहतो अशा समाजात, वारस नसलेली मालमत्ता निर्माण करायची तर ती कोणाला तरी आतून पिळवटूनच होते, एवढे मात्र त्यातून दिसते.

हस्तांतर

१९४९ साली बाबांनी जे केले, त्यात या सगळ्या विचाराची कसोटी लागली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, मुलांच्या वसतिगृहासाठी. ही संस्था आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केली होती. दोघांचे मार्ग भिन्न होते. एक कीर्तनातून बोलणारा, दुसरा कायद्याच्या आणि ग्रंथांच्या भाषेत. परंतु गरीब मुलाच्या शिक्षणात पहिली अडचण वर्गाची नसून राहण्याच्या जागेची असते, यावर दोघांचे एकमत होते. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय उघडले, त्यामागेही हीच जाण होती.

एरवी अशी इमारत हातची सोडताना किती खल होतो! आजूबाजूच्या जागेचे भाव निघतात, नाव कोणाचे राहणार यावरून रुसवे होतात. बाबांनी तीस वर्षे वापरात असलेली, देणग्यांतून उभारलेली वास्तू तिचा अधिक चांगला उपयोग होईल अशा हाती दिली. चार दिवसांच्या वारकऱ्याचा निवारा चार वर्षांच्या विद्यार्थ्याचा झाला. मालकीत मन गुंतलेले नसले की वास्तूचा उपयोग किती सहज बदलता येतो, हे यात दिसते.

बाबांच्या कामाला कायमची चौकट मिळावी म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. तत्पूर्वी १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला होता. त्यामुळे अशा संस्थांच्या मालमत्तेवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली. केवळ एका संताच्या शब्दावर चालणारे काम आता नोंदणी, हिशेब आणि विश्वस्त मंडळ यांच्या आधाराने चालणार होते. अक्षरओळख नसलेल्या माणसाला कागदाचे महत्त्व पुरेपूर कळले होते. एका कागदाने आजोळची जमीन गेली होती, दुसऱ्या कागदाने धर्मशाळा वाचणार होत्या.

१९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. तीर्थाचे गाव मागे पडून आता इस्पितळाचे दार आले, हा बदल साधा नाही. वऱ्हाड-खानदेशातून आजारी माणसाला घेऊन मुंबईत आलेल्यांना पदपथावर झोपावे लागते हे बाबांनी पाहिले होते. तिथे देव, जात, वारी यांचा संबंध नव्हता. रुग्णाचा नातेवाईक एवढीच ओळख पुरेशी होती. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना अल्प खर्चात आसरा देते. ज्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीसाठी आयुष्याची पुंजी ओतावी लागते, त्या शहराच्या ऐन मध्यावर ही व्यवस्था उभी आहे.

सरकार मालक झाले तेव्हा

खासगी मालकाला पर्याय म्हणून बाबांनी समाजाची मालकी निवडली. त्यांच्याच हयातीत दुसरा एक मार्गही आजमावला जात होता, तो सरकारी मालकीचा. मुंबईत १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. गिरणी कामगारांसाठी त्या हक्काचे छप्पर ठरल्या. भाडे नाममात्र राहिले, भाडेकरूला कोणी सहज काढू शकले नाही. पण भाड्यातून दुरुस्ती निघेना आणि दुरुस्ती ही कोणाचीच जबाबदारी वाटेना. शेवटी पुनर्विकासाचा जो मार्ग निघाला, त्यात भाडेकरू स्वतःच्या सदनिकेचा मालक होतो. शंभर वर्षांच्या सार्वजनिक भाडेव्यवस्थेचा शेवट असा मालकीतच झाला. याच सुमारास, १९२३ पासून, युरोपात व्हिएन्ना शहराने घरांवर खास कर बसवून स्वतःची भाड्याची घरे बांधायला सुरुवात केली. त्या महापालिकेकडे आज सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत आणि ती भाड्यानेच दिली जातात. फरक पडला तो सतत येणाऱ्या पैशाने आणि नेटक्या देखभालीने.

वऱ्हाडात सरकारने तिसरा मार्ग धरला होता. मालक खासगीच ठेवायचा, पण त्याचे हात बांधायचे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार रिकाम्या झालेल्या घराची खबर अधिकाऱ्यांना द्यावी लागे आणि परवानगीवाचून भाडेकरूला काढता येत नसे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू होईपर्यंत अमरावती-अकोल्यात हाच आदेश चालला. त्याने अनेक कुटुंबांना आधार दिला. मात्र घर एकदा भाड्याने दिले की ते परत मिळेल याची खात्री न उरल्याने घरे बंद ठेवण्याकडेही मालकांचा कल झाला. गृहनिर्माण मंडळांनी आणि पुढे म्हाडाने या शहरांत वसाहती बांधल्या त्याही प्रामुख्याने हप्त्याने मालकी देणाऱ्या. भाड्याचे घर हा कोणाचाच आवडता विषय राहिला नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

तेव्हा गाडगेबाबांची वाट हेच उत्तर मानायचे काय? तसे म्हणणे बाबांवर आणि प्रश्नावरही अन्याय करणारे ठरेल. धर्मशाळेतला मुक्काम ठरावीक दिवसांचा असतो. तिथे उतरणाऱ्याला सोय मिळते, हक्क मिळत नाही. संसार थाटणाऱ्या कुटुंबाला मात्र उद्याची खात्री हवी असते. मुलांची शाळा, रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव हे सगळे घराच्या पत्त्याला चिकटलेले असते. दात्याच्या मनात आले म्हणून मिळालेल्या छपराखाली माणूस वर्षानुवर्षे ताठ मानेने राहू शकत नाही. शिवाय दानातून दहा धर्मशाळा उभ्या राहतात, दहा लाख घरे उभी राहणे कठीण. तेवढे भांडवल करातून तरी यावे लागते किंवा परताव्याच्या आशेने तरी.

याहून मोठा प्रश्न माणसांचा आहे. बाबा जिवंत असताना त्यांच्या नजरेचा धाक होता. अचानक यायचे, कोपरे पाहायचे, कचरा दिसला की स्वतः झाडू घ्यायचा. ही देखरेख कोणत्याही घटनेच्या कलमात लिहिता येत नाही. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, हे विसरले गेले की सार्वजनिक वास्तूची काय दशा होते हे आपण अनेक गावांत पाहतो. कुलूप लागलेली वसतिगृहे, दुकानांना भाड्याने गेलेल्या धर्मशाळा आणि पिढीजात झालेली अध्यक्षपदे ही दृश्ये महाराष्ट्राला नवी नाहीत. मालक काढून टाकला म्हणजे मालकीची हाव निघून जाते असे नाही. ती दुसऱ्या दाराने आत येते.

तरीही बाबांच्या कामातून एक निष्कर्ष निघतो आणि तो भाबडा नाही. खासगी घरमालक एकाच वेळी तीन कामे करतो. तो पैसा घालतो, तो वास्तू सांभाळतो आणि कोणाला ठेवायचे हे ठरवतो. ही तिन्ही कामे एकाच हाती असलीच पाहिजेत असा काही निसर्गनियम नाही. बाबांनी ती तिघांत वाटली. पैसा दात्यांचा, सांभाळ संस्थेचा आणि राहणाऱ्यांचा, आणि प्रवेशाचा निकष जात किंवा ऐपत नव्हे तर गरज. दीर्घ मुदतीच्या भाड्याच्या घरांना हेच लागू करायचे तर दात्याच्या जागी सरकारी किंवा सहकारी भांडवल येईल आणि धर्मशाळेच्या सोयीच्या जागी भाडेकरूचा कायदेशीर हक्क येईल. पण कोणीतरी भिंतीचा पोपडा पडला की तो पाहायला हवा, छत गळले की कोणाकडे जायचे हे ठरलेले हवे. २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांतल्या स्थलांतरित गरिबांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली, तेव्हा भाड्याच्या घराकडे राज्यकर्त्यांचे लक्ष पुन्हा वळले. अशा प्रत्येक योजनेला बाबांचा साधा प्रश्न लागू पडतो. बांधणार कोण हे कळले, रोज सकाळी झाडणार कोण?

वलगावचा पूल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बाबांनी जिथे जन्म घेतला तो मुलूख आणि जिथे त्यांच्या धर्मशाळा होत्या तो मुलूख आता एका राज्यात होते. त्यानंतर महिनाभराने, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेले. त्या बातमीने बाबा खचले असे त्यांचे निकटवर्ती सांगत. वय ऐंशीच्या घरात होते, प्रकृती ढासळली होती आणि तरी फिरणे थांबले नव्हते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे प्राण गेले. ज्याने असंख्य माणसांच्या रात्रीची सोय केली, त्याची शेवटची घटका कोणत्याही घरात आली नाही, त्याने बांधलेल्या धर्मशाळेतही नाही. ती रस्त्यावर आली. अमरावतीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच समाधी उभी राहिली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

म्हणजे आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांतल्या लाखो मुलांच्या पदवीपत्रावर गाडगेबाबांचे नाव छापलेले असते. त्यांतल्या कितीतरी मुलांनी ती पदवी भाड्याच्या खोलीत, अनामत रक्कम परत मिळेल की नाही या चिंतेत मिळवलेली असते. ज्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे त्यांनी चोखामेळ्याच्या धर्मशाळेचे वसतिगृह करून दिले होते, याची आठवण ठेवायची असेल तर दर २० डिसेंबरला पुतळ्याला हार घालून आणि हाती झाडू घेऊन छायाचित्र काढून भागणार नाही. या दोन शहरांत गावाकडून येणाऱ्या मुलाला आडनाव न विचारता, परवडेल अशा खर्चात मिळणाऱ्या किती खाटा आहेत आणि आणखी किती हव्यात, याचा हिशेब एकदा मांडावा लागेल. बाबा असते तर त्यांनी कीर्तनाच्या सुरुवातीलाच तो विचारला असता आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे गेले नसते.